ताजी साक्ष

नाय, आत नाय येत मी. इथंच पायरीवर बसते. तू उठू नको बायजा, तुझं सोलायचं चालू ठेव — भिजवलेले वाल तसेच राहिले तर वास मारतात. पाणीबिणी पण नको. तू विचारलं नाय म्हणा, पण विचारलं असतंस तरी नको बोलले असते. मी काय बसायला आलेली नाय. आठ महिने झाले गं, आठ — घराला घर लागून हाय, तुझ्याकडं फोडणी पडली तर माझ्या घरात ठसका लागतो, नि आठ महिने मी या ओट्यावर पाय ठेवला नाय. सकाळपासून तीनदा कुंपणापर्यंत आले नि परत फिरले. तू बघितलंस. बघितलंस ना? खिडकीत उभी होतीस. मग हाक मारायची तरी — बरं, नाय मारलीस. कशाला मारशील.

सांगते कशाला आले ते, लांबण नाय लावत. उद्यापासून आमची संजीवन सभा हाय — तीन दिवस, कळंबच्या रस्त्याला शेतात मांडव पडलाय निळ्या कापडाचा, येता-जाता बघितला असशील. वर्षातनं एकदा असते. माणूस प्रभूच्या विश्वासात आला तरी थंड पडतो गं, सगळं सवयीचं होतं, देवाचं नाव पण सवयीनं निघतं तोंडातनं, तर त्याला परत जागं करायचं, म्हणून ती सभा. रसायनीपास्नं माणसं येतात, खोपोलीची, खालापूरची, तीनशे तरी होतील. नि शेवटच्या दिवशी प्रभुभोजन — भाकर नि द्राक्षाचा रस, एवढुसा, घोटभर. तर गेल्या रविवारी आमचे पास्टर वाल्मिक काय बोलले — बोलले, ज्याचं तुमी वाईट केलंत त्याच्या दारात आधी जाऊन या, मग या भाकरीला हात लावा. सगळ्यांना बोलले, मला एकटीला नाय. पण मला वाटलं माझ्याकडंच बघतायत. पुढं आलेली भाकर मी तशीच शेजारणीकडं सरकवली बायजा. आठ महिने मी ती भाकर खात होते, दर महिन्याला, नि एकदा पण सरकवली नव्हती. म्हणून आले. माफी मागायला आले. झालं, बोलले मी. सोपं नव्हतं, तुला सांगते.

काय तरी बोल गं. शिवी दे. नुसती सोलत बसलीस तर मी काय समजू?

तुझे उपकार मी विसरले असं समजू नको. अकरा वर्षांमागं माझं दुसरं बाळ गेलं, चार महिने मी खाटेवरनं उठत नव्हते, केसांच्या जटा झाल्या होत्या, जागृती बारा वर्षांची होती, तिला जेवायला कोण घालत होतं? तू. नि ती रसायनीच्या कॉलनीतली माधवीताई यायची, दर गुरवारी, दोन गाड्या बदलून — पहिल्या दिवशी काय केलं तिनं? प्रार्थना नाय केली, पुस्तक नाय काढलं, घरनं तेल आणलं होतं, माझे केस सोडवत बसली. तीन तास. तोंडातनं एक शब्द काढला नाय. दुसऱ्या गुरवारी मीच विचारलं, बाई, तू कोण, तुला माझ्याकडनं काय हवं? मग तिनं प्रभूचं नाव घेतलं. म्हणजे आधी केस, मग प्रभू. नि मी उठले, जेवले, शेतावर गेले. लोक बोलले बाटली, काय तरी घेतलं असेल — काय घेतलं गं मी, खोबरेल तेलाची एक बाटली. गावकीनं वाळीत नाय टाकलं, आता कायदा आडवा येतो, पण हळदीची बोलावणी बंद झाली, पालखी माझ्या दारावरनं न थांबता जायला लागली. तुझ्या घरनं कालवण यायचं ते पण मागच्या दारानं. पण यायचं. गावातनं तेवढं एकच यायचं.

मग मी पण तेच करायला लागले, माधवीताईनं केलं ते. कुणी आजारी असलं, कुणाच्या घरात मरण झालं, की मी जायची. कर्जतच्या दवाखान्यात कितीदा बसले असेन ओळख ना पाळख अशा बायांच्या उशाशी. हळूहळू लोक बोलायला लागले, गौराबाईची प्रार्थना लागू पडते. गावातलेच, जे दिवसा माझ्या दारात येत नव्हते ते. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटायचं. जिला कुणी हळदीला बोलवत नाय तिला लोक आजारपणात बोलवतात, म्हणजे काय तरी हायच ना ती.

नि सुरभीला पहिली फीट आली ती याच ओट्यावर, दहावीच्या वर्षी. तू ओरडलीस ती मला हाक मारून ओरडलीस, दुसऱ्या कुणाला नाय. तोंडाला फेस, डोळे वर, तू कांदा फोडून नाकाशी धरलास, मी तिला कुशीवर केलं. शुद्धीवर आली तशी तू दार लावून घेतलंस नि बोललीस, गौरे, हे या भिंतींच्या बाहेर जाता नये. पोरीची जात हाय. मी होय बोलले. आमच्यात शपथ घेत नाय, होय म्हणजे होय. पनवेलला डॉक्टर केलास, गोळ्या चालू झाल्या, मी रोज येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, तू आतनं बघत राहायचीस, देव्हाऱ्यात दिवा पण लावायचीस, मी कधी काय बोलले त्यावर? चार वर्षं गेली नि फिटा थांबल्या. गोळीनं थांबल्या की प्रार्थनेनं — तू गोळीनं बोल, मी प्रार्थनेनं बोलते. थांबल्या ना.

आता ते दुसरं. साक्ष म्हणजे काय ते तुला कुणी सांगितलंच नसेल. रविवारी आमची गाणी झाली की एकेकानं उभं राहायचं नि प्रभूनं माझ्यासाठी काय केलं ते मंडळीला सांगायचं. त्याला साक्ष बोलतात. माझी साक्ष बाळाची, खाटेची, त्या केसांची. अकरा वर्षं तीच. पहिल्यांदा बाया पदर लावायच्या डोळ्यांना. मग नुसत्या माना हलवायच्या. मग एकदा मी बोलायला उभी राहिले नि पुढच्या रांगेतल्या पोरीनं माझ्या आधीच माझं वाक्य पुटपुटलं, तिला पाठ झालं होतं. नि त्याच महिन्यात पास्टर सगळ्यांना बोलले, बहिणींनो, शिळी साक्ष नको, ताजी साक्ष द्या, प्रभू आज काय करतोय ते सांगा. आता मी ताजी कुठनं आणू? माझ्या घरात काय घडत होतं ताजं? पाऊस पडला, भात लावलं, एवढंच. नवीन नवीन बाया उभ्या राहायच्या, कुणाचा नवरा सुटला, कुणाची गाठ विरघळली, नि मी बसून. तुला नाय कळायचं ते. हळदीतनं गेले, पालखीतनं गेले, आता इथनं पण गेले तर मी जायचं कुठं?

तर त्या रविवारी उभी राहिले नि तोंडातनं सुरभी निघाली. बोलले, आमच्या शेजारची सुरभी, चार वर्षं तिला फिटा येत होत्या, मी डोक्यावर हात ठेवला, प्रभूनं तिला बरं केलं, आता तिची सुपारी फुटलीय, खालापूरकडचा नीलेश म्हणून मुलगा हाय, कंपनीत हाय, लग्न नीट पार पडावं म्हणून सगळ्यांनी प्रार्थना करा. प्रार्थनाच मागितली ना मी? वाईट काय बोलले? आमच्यात असंच मागतात, नाव घेऊन मागतात, नाव घेतल्याशिवाय लोक मनापासून करत नाय. केवढ्या टाळ्या पडल्या. पास्टरनी डोळे मिटून हात वर केले. आता मला काय म्हाईत, नीलेशची मावशी मागं बसली असेल म्हणून? ती सोनाबाई काय आमच्यातली नाय, गुडघ्यासाठी प्रार्थना करून घ्यायला पहिल्यांदाच आली होती कुणाबरोबर, तो काळा पट्टा बांधून. मी सुरभीचं नाव घेतलं तशी तिनं पट्टा आवळता आवळता मान वर केली, नि आठ दिवसांत लग्न मोडलं. याच्यात माझा हेतू काय वाईट —

काय? तिनं मान वर केली ते मला कसं म्हाईत — असंच. मागनं कुणी तरी सांगितलं. बायांनी सांगितलं. आता कोण ते कुठं ध्यानात राहतं.

तू अशी बघू नको माझ्याकडं. नि एक बोलू का, आता आलेच हाय तर? तू पण लपवलंसच ना. त्या घरात तू पोरगी देत होतीस नि एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून देत होतीस. उद्या सासरी चुलीजवळ पडली असती, विहिरीवर पडली असती, तेवा कुणाला तोंड दाखवलं असतंस? मी खरं बोलले म्हणून मी वाईट, नि तू — नाय, ऐक, मला बोलू दे — मुलाला अंधारात ठेवून संसार उभा राहतो का? तो नीलेश बिचारा, त्याला कोण सांगणार होतं? मी तर बोलते, प्रभूनंच माझ्या तोंडून —

काय बोललीस?

परत बोल.

नीलेशला म्हाईत होतं? कुणी सांगितलं? सुरभीनं? ती कशी सांगेल, ती तर चार माणसांत मान वर करत नाय. केवा? सुपारीच्या आधी — शिळफाट्याला भेटले होते दोघं, तेवा. गोळ्यांचं पाकीट दाखवलं? आपणहून? नि तो काय बोलला? ... काय? "मी रोज आठवण करत जाईन." असं बोलला. गोळीची आठवण. नि घरच्यांना तोच सांगणार होता, त्याच्या रीतीनं, सावकाश. त्याच्या आईला आधी. म्हणजे त्याची काय हरकतच नव्हती. म्हणजे घरची अडून बसली ती, चारचौघांत निघालं म्हणून, मांडीला मांडी लावून बसलेल्या परक्या माणसांत त्यांच्या सुनेचं नाव निघालं म्हणून. नि तो किती दिवस — मोडल्यावर पण दोन महिने भांडला घरात? मग हरला.

हे मला कुणी सांगितलं नाय. तू तरी सांगायचं. नाय, तू कशाला सांगशील मला. तू सांगितलेलं मी कुठं ठेवते.

थांब जरा.

होय. बघितलं होतं. बायांनी नाय सांगितलं कुणी, मीच बघितलं. आता तोंडातनं गेलंच हाय तर घे. सोनाबाई दिसली होती मला, आत आली तेवाच दिसली. मी तिला ओळखते. परवाच्या वर्षी तोच नीलेश माझ्या जागृतीला बघायला आला होता, तेवा ती होती बरोबर. तुला मी सांगितलं नाय कधी, तू माहेरी गेली होतीस. जागृतीनं हिरवी साडी नेसली होती, तिनंच चहा केला. त्यांनी भिंतीवरचा क्रूस बघितला. कुणी काय वाईट बोललं नाय, चांगली माणसं हायत, सोनाबाई नुसतं बोलली, अच्छा, तुमी त्यातले का. नि चहा अर्धा ठेवून उठले. जागृतीनं कपबशा विसळल्या. संध्याकाळी एवढंच बोलली, आई, तुझ्या प्रभूला माझी पण साक्ष सांग. नि वर्षभरानं तोच मुलगा तुझ्या दारात. तू पेढे घेऊन आलीस, त्या दिवशी पुढच्या दारानं आलीस, हसत. मी पेढा खाल्ला. तू गेलीस नि मी मोरीत जाऊन थुंकले. माझी पोर धडधाकट, तिला नाय, नि तुझ्या पोरीला — जळले मी बायजा. आतनं जळले. त्याच तोंडानं रोज सुरभीसाठी प्रार्थना करत होते नि जळत होते.

त्या रविवारी मी उभी राहणारच नव्हते. ताजी साक्ष वगैरे खरं हाय सगळं, पण त्या दिवशी मी बसूनच राहणार होते. सोनाबाई दिसली नि मी उभी राहिले.

हे पास्टरला म्हाईत नाय. घरात नाय म्हाईत. प्रार्थनेत पण मी असं सरळ शब्दांत कधी बोलले नाय, प्रभूला बोलायची, माझं काय चुकलं असलं तर क्षमा कर. काय चुकलं असलं तर. म्हणजे बघ मी कशी हाय ती.

पण आता बोलणार. आता सुटलं ना तोंडातनं, हलकं वाटायला लागलंय, खरंच. उद्या सभेत माझी साक्ष हाय — फळ्यावर नाव लिहिलंय, पहिल्याच दिवशी, तिसरं. तीच जुनी सांगणार होते, बाळाची. आता ती नाय. आता हीच सांगणार, सगळी, पहिल्यापासून. माईकवर. बोलणार, मी गौराबाई, मी जळून पोरीचं लग्न मोडलं. सुरभीचं नाव घेऊन सांगणार, की तिचा काडीचा दोष नाय, तिनं स्वतः पाकीट दाखवलं होतं मुलाला, दोन वर्षं होतील तिला एक फीट आलेली नाय, नि पोरगी सोनं हाय. खालापूरची माणसं असतील, त्यांच्या कानावर जाईल, सोनाबाईपर्यंत जाईल. मंडळीतली पोरं मोबाईलवर लाइव करतात, पार पुण्या-मुंबईची माणसं बघतात. तू ये. सुरभीला घेऊन ये, पुढं बसा, मी सगळ्यांदेखत तुझे पाय धरते. असली साक्ष त्या मांडवात आजवर कुणी दिली नसेल. लोक ढसाढसा —

काय झालं? परात का खाली ठेवलीस?

मी चांगल्यासाठीच बोलते. सगळं माझ्यावर घेते ना मी. सुरभीला चांगलंच बोलणार — नाव नाय घ्यायचं? नाव नाय घेतलं तर लोकांना कळणार कसं कुणाचं वाईट केलं ते? नुसतं एका पोरीचं, बोलू? मग सगळे विचारतील कोण पोर, गावात तशी एकच मोडलेली सुपारी हाय, बोट तर इथंच — हो. हो गं. इथंच येईल. नाव घेतलं काय नि नाय घेतलं काय.

मग मी करू काय? गप बसू? तिथं फळ्यावर नाव हाय नि मी उठून नुसतं —

कोण येतंय? रविवारी? सुरभीला बघायला? नवीन कुणी? कुठनं — नको. थांब बायजा. सांगू नको. गावाचं नाव नको सांगू मला, मुलाचं नको, काय करतो ते पण नको. एवढं ऐकलं तेच लई झालं. कशाला बोललीस तू माझ्यापाशी, तुला म्हाईत हाय ना मी कशी हाय ती. आणि बोलू नको. मी कान झाकते बघ.

कोण आत? सुरभी घरातच हाय? कामावर नाय गेली आज? म्हणजे दाराआड — सगळं ऐकलं तिनं. पेढ्याचं पण. थुंकले ते पण.

नाय, बोलवू नको तिला. मी तिच्याकडं बघू शकणार नाय. तिनं आपणहून पण नको यायला.

थांब, फोन वाजतोय माझा. पास्टरचाच हाय. घेते, एक मिनिट, तुझ्यासमोरच घेते.

हॅलो — हां पास्टर, प्रेज द लॉर्ड. हो, आले ना, तिच्याच दारात हाय. हो, मागितली. ... ते नका विचारू. तिचं ती बघेल, तिला घाई नाय करायची कुणी. नि पास्टर, फळ्यावरचं माझं नाव पुसा. ... उद्याचंच नाय, तिन्ही दिवसांचं. मी साक्ष नाय देणार. ... तब्येत बरी हाय. ... नाय हो, घरात कुणी अडवलं नाय, गावकीनं पण नाय. येईन ना मी सभेला, मागं बसेन, सतरंज्या झटकायला येईन. प्रभुभोजनाला नाय बसणार या खेपेला. ... कारण हाय पास्टर. पण सांगता येत नाय. ... नाय, तुमाला पण नाय. ... प्रार्थनेसाठी पण नाय. ... नाव न घेता पण नाय. ठेवते मी.

जाते बायजा. दार लावून घे.